भुरक्याचा राग येतो, पप्पांचा नाही

कुणी मिटक्या मारत जेवतं, कुणी लेक्चरभर पेन टकटकवतं आणि तेवढ्यानं तुमचं डोकं फिरतं? घरचे ‘नखरे’ म्हणतात, मित्र ‘ओव्हरॲक्टिंग’ म्हणतात. पण या त्रासाला एक नाव आहे.

दुपारचे साडेचार. भोसरीतलं आमचं वन बीएचके. फर्स्ट शिफ्ट संपवून, चाकणच्या तळेगाव चौकातलं ट्रॅफिक पार करून पप्पा कंपनीच्या बसनं घरी येतात. मम्मी चहा देते. पप्पा तो बशीत ओततात आणि मग तो आवाज येतो. भुर्रर्र.

बास, एवढंच. पण माझ्या छातीत धडधडायला लागतं, मुठी आवळल्या जातात. ज्या माणसानं माझी फी भरायला ओव्हरटाइम केला, त्याच्या हातातली बशी हिसकावून घ्यावीशी वाटते. पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटते. तेवढ्यात दुसरा भुरका येतो.

हे सातवी-आठवीत सुरू झालं. आधी फक्त पप्पांचा चहा होता. मग मम्मीचं काकडी खाणं, क्लासमधल्या मुलीचं च्युइंगगम, लायब्ररीत कुणाचं तरी सतत नाक ओढणं अशी यादी वाढत गेली. मी चिडकी आहे, असं घरात ठरून गेलं. मलाही तेच खरं वाटायचं.

डेसिबलमध्ये न बसणारा त्रास

आमच्या पट्ट्यात आवाजाची कमी नाही. नाशिक हायवेवरचे कंटेनर, एमआयडीसीतल्या मशीन, लग्नसराईतले डीजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. रस्त्यावर उभं राहिलं की हे आकडे किती पाळले जातात ते कळतंच.

पण माझी तक्रार या आकड्यांत बसत नाही. मोशीला ट्रकचा हॉर्न कानाशी वाजला, तर चारचौघांसारखी मीही वैतागते आणि पुढे जाते. त्याच्यापुढे बशीतल्या चहाचा आवाज तो केवढा! तरी सहन होत नाही तो तोच.

फर्स्ट इयरला असताना मोबाइलवर शोधता शोधता ‘मिसोफोनिया’ हा शब्द सापडला. ग्रीक भाषेत ‘मिसोस’ म्हणजे द्वेष आणि ‘फोनी’ म्हणजे आवाज. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या अमेरिकेतल्या संशोधक जोडप्यानं २००१ मध्ये हा शब्द वापरात आणला. सगळेच आवाज मोठे आणि त्रासदायक वाटतात, तो ‘हायपरॲक्युसिस’. मिसोफोनियात ठरावीक आवाज छळतात, मग ते कितीही बारीक असोत. खाण्याचे, श्वासाचे, टकटक करण्याचे आवाज त्यात सगळ्यात पुढे. त्रास बहुतेकदा शाळेच्या वयात सुरू होतो आणि पुष्कळदा घरातल्याच माणसापासून.

मेंदूत होतं काय?

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मिसोफोनिया असलेल्यांचे मेंदू स्कॅन केले. नको असलेला आवाज ऐकवल्यावर त्यांच्या मेंदूतला ‘इन्सुला’ हा भाग इतरांपेक्षा खूप जास्त सक्रिय झाला. कशाकडे लक्ष द्यायचं आणि त्यावर मनात काय उमटायचं, हे ठरवण्यात हा भाग मोठा वाटा उचलतो. त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, घामही वाढला. म्हणजे माझी धडधड नाटकी नव्हती.

२०२१ मध्ये याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मिसोफोनियात ऐकण्याचा भाग आणि तोंड, घसा हलवणारा भाग यांच्यातलं कनेक्शन नेहमीपेक्षा घट्ट असतं. समोरचा चावतो आणि आपला मेंदू आपल्याही तोंडात तीच हालचाल घुसवतो, असं काहीसं.

आणि आपण एकटे नाही. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठात ४८३ विद्यार्थ्यांची पाहणी झाली होती. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा जवळपास २० टक्के विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय त्रास आढळला. आपल्याकडे मैसूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्येही असं सर्वेक्षण झालं आहे. तज्ज्ञांनी एकत्र बसून मिसोफोनियाची सर्वमान्य व्याख्या केली ती २०२२ मध्ये. इतकं हे सगळं नवीन आहे, त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसलं तरी दचकू नका.

ताट घेऊन गॅलरीत

नाव कळलं, पण मी ते घरात सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? मी सरळ पप्पांसोबत जेवणं बंद केलं. कधी असाइनमेंट, कधी ‘भूक नाही’, कधी हेडफोन. अशी चार वर्षं गेली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पाणी प्यायला उठले, तर पप्पा सेकंड शिफ्टवरून आलेले. रात्रीचा एक वाजलेला. ताट घेऊन गॅलरीत, दार ओढून एकटे जेवत होते. मी विचारलं, तर मम्मी म्हणाली, ‘तुला आवडत नाही ना त्यांचं खाणं.’ मग पप्पाच हळूच म्हणाले, ‘आमच्या गावाकडच्या सवयी. तू आता शिकलेली. लाज वाटत असेल.’

चार वर्षं ते हेच समजत होते.

त्या रात्री सगळं सांगितलं. मोबाइलवरच्या मेंदूच्या चित्रासकट. पप्पांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून एक कागद काढला. कंपनीतल्या कानाच्या तपासणीचा, म्हणजे ऑडिओग्रामचा. रेषा चार हजार हर्ट्‌झपाशी खाली घसरलेली. बरीच वर्षं गोंगाटात काम केलेल्या कानांची ही नेहमीची खूण. प्रेसशॉपमध्ये त्यांची वीसेक वर्षं गेली, त्यातली सुरुवातीची कितीतरी वर्षं इअरप्लगशिवाय. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांसाठीची मर्यादा, हे मला हा लेख लिहिताना कळलं. आपला भुरका किती मोठा आहे, याचा अंदाज पप्पांना येतच नव्हता. ‘सवय होते’ असं या पट्ट्यात प्रत्येकाला सांगतात. पप्पांचे कान सवयीनं गेले आणि मला सवय कधी झालीच नाही.

आता आम्ही एकत्र जेवतो. टीव्ही किंवा रेडिओ चालू असतो. मी समोर न बसता पप्पांच्या शेजारी बसते, कारण चावताना दिसलं की त्रास वाढतो. पप्पांनी चहा बशीत ओतणं सोडलेलं नाही आणि मीही सोडा म्हटलेलं नाही. फारच झालं तर ‘पप्पा, पाच मिनिटांत आले’ म्हणून उठते. आठवड्यातून दोनदा तरी उठतेच. पण मी का उठले, ते आता त्यांना माहीत असतं.

तुम्हालाही असं होत असेल तर...

• भांडण चालू असताना सांगू नका. डोकं शांत असताना सांगा. ‘तू घाणेरडं खातोस’ याऐवजी ‘मला या आवाजाचा त्रास होतो’ असं म्हणा.

• जेवताना पंखा, गाणी, रेडिओ चालू ठेवा. मागे दुसरा आवाज असला की नको तो आवाज कमी टोचतो.

• इअरप्लग किंवा हेडफोन परीक्षेला, बसमध्ये जरूर वापरा, पण दिवसभर नको. कान सतत बंद ठेवले तर आवाज आणखी टोचायला लागू शकतात.

• हॉस्टेलला किंवा कॉटबेसिसवर राहत असाल, तर सगळ्यांना न सांगता एका रूममेटला विश्वासात घ्या.

• यावर हमखास गोळी नाही. पण ‘सीबीटी’ म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या समुपदेशनानं नेदरलँड्समधल्या चाचण्यांत बऱ्याच जणांना फरक पडला आहे.

• आधी कान तपासून घ्या, मग समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पिंपरीच्या वायसीएमसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सोय असते. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतही.

• आणि तुमच्या मित्राला हा त्रास असेल, तर मुद्दाम कानाशी चिप्स कुरकुरवू नका. प्लीज.