स्मरणाची सायकलयात्रा

दिवंगतांचे स्मरण आपण अनेक रीतींनी करतो. श्राद्ध करतो, तसबिरीस हार घालतो, व्याख्यानमाला चालवितो. प्रिय व्यक्तीच्या स्मरणार्थ सायकलवरून दूरचा पल्ला गाठणे ही त्यांतलीच एक अलीकडची रीत होय. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९९४ साली एड्सच्या रुग्णांसाठी अशी यात्रा सुरू झाली. २००२ साली तिला नवे रूप मिळाले व २०२५ साली ती शेवटची निघाली. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस हे सुमारे ८७५ किलोमीटरचे अंतर सात दिवसांत कापले जाई. अनेकजण आपल्या गेलेल्या सुहृदांसाठी तीत सामील होत. आपल्या भोपाळलाही हा भाव अपरिचित नाही. १९८४ च्या वायुदुर्घटनेतील पीडित २००६ व २००८ मध्ये दिल्लीपर्यंत पायी गेले. त्या चालण्यात मागणी होती, तसे स्मरणही होते.

माझा अनुभव अगदी घरगुती आहे. माझे वडील तात्या टोपे नगरातून गोविंदपुऱ्यास नोकरीवर सायकलनेच जात. एकदा दोघांनी मिळून सायकलने नर्मदेवर जावे, असे ते मला म्हणत. "पुढच्या हिवाळ्यात जाऊ," असे मी दरवर्षी सांगत राहिलो. एका हिवाळ्याआधीच ते गेले.

प्रथम वर्षश्राद्धानंतर मी एकटाच निघालो. मंडीदीप, ओबेदुल्लागंज, भीमबेटका मागे टाकीत बुधनीमार्गे होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, गाठले. जाऊन-येऊन अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. भोपाळ पठारावर आणि नर्मदा खोऱ्यात असल्याने जाताना उतार साथ देतो व आपल्या शक्तीविषयी भ्रम निर्माण करतो. परतीच्या चढावर माझे पाय थकले. सायकल बसच्या टपावर टाकून घरी परतावे लागले. बसमध्ये ध्यानात आले की, दिवसभर माझे डोळे घड्याळावरच होते. वडिलांची आठवण एकदाही झाली नव्हती.

दूरच्या प्रवासाचे शास्त्र मी त्यानंतर समजून घेतले. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून घाई फार महाग पडते. स्नायूंतील साखरेचा साठा मर्यादित असतो, म्हणून भूक लागण्याआधी थोडे थोडे खावे आणि तहान लागण्याआधी पाणी प्यावे. 'ब्रेव्हे' नावाच्या दीर्घ सायकलफेरीत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. विश्रांती धरूनही ताशी पंधरा किलोमीटरहून किंचित कमी सरासरी पुरते. तीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. सरावही आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवावा लागतो.

दुसऱ्या वर्षी तयारीनिशी, सावकाश गेलो. त्या संथ गतीत वडिलांचे बोलणे, त्यांची घंटी वाजविण्याची लकब, सारे आठवत गेले. सेठानी घाटाच्या पायऱ्यांवर बसून त्यांच्या आवडीचा गूळ-शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. परतीचा चढही या वेळी सायकलवरच पार झाला, घरी पोहोचेतो दिवेलागण झाली होती.

विद्यार्थी मित्रहो, अशी यात्रा जरूर करा. मात्र ज्यांच्यासवे ती करावयाची, ते घरात असतील, तर पुढच्या हिवाळ्याची वाट पाहू नका.