टाकी भरते तेव्हा

अलिबागजवळच्या किहीमला नदी नाही. चोंढीहून समुद्राकडे वळलं की माडपोफळीच्या वाड्या आणि प्रत्येक वाडीत विहीर. जमीन पुळणीची, त्यामुळे वर ओतलेलं पाणी भराभर खाली जातं आणि पावसाळ्यात भूजल वर चढतं. या गावाची नदी जमिनीखाली आहे आणि तिची काळजी कुणालाच नाही.

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी पाटाने अळूत, कर्दळीत, केळीत आणि उरलेलं माडाच्या आळ्यात जाई. मुळं पाणी ओढून घेत, मातीतले जीवाणू मळ खात. माणसं मोजकी, साबण बेताचा, तेवढ्यावर भागायचं. आता वाड्यांच्या जागी मुंबईकरांचे बंगले आणि रिसॉर्टं आली. शनिवार-रविवारी एकेका घरात पंधरा-वीस माणसं उतरतात आणि सगळा भार सेप्टिक टँकवर येतो.

ही टाकी नेमकं काय करते? जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. हवेशिवाय जगणारे जीवाणू तळाचा मैला कुजवतात. पण पाण्यातला सेंद्रिय भार साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा एवढाच उतरतो. रोगजंतू बरेचसे तसेच बाहेर पडतात. गाळ चढत गेला की पाणी टाकीत थांबत नाही, मैलाही सोबत निघतो. भरड वाळूत आणि उथळ भूजलात तो अडायला जागाच उरत नाही, आणि विहीर असते पलीकडच्याच कुंपणात. टाकी बांधली म्हणजे काम झालं, ही आपली समजूतच घातक आहे. तुंबेपर्यंत झाकण कोणी उघडत नाही. मग टँकरवाल्याला फोन. त्याने उपसलेला मैला कुठे ओतला, हे विचारतं कोण?

रायगडच्या नद्यांबद्दल आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो, आणि ते रास्तच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत महाराष्ट्राचे 53, सर्वाधिक. पाताळगंगा, कुंडलिका, अंबा, सावित्री या आपल्या चारही नद्या त्यात आहेत. पण याच मंडळाच्या 2021च्या अहवालाप्रमाणे शहरी भारतात रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं 20,236. हे पाणी आपल्या घरांतलं आहे.

मोठ्या शहरांचा मार्ग ठाऊक आहे. मँचेस्टरमध्ये 1914 साली आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की मैलापाण्यात हवा खेळवून जीवाणूंचा गाळ पुन्हापुन्हा वापरला तर काही तासांत पाणी निवळतं. शेजारच्या थळला ज्या आरसीएफ या खत कंपनीचा कारखाना आहे, तीच कंपनी मुंबईतल्या ट्रॉम्बेला महापालिकेचं मैलापाणी शुद्ध करून कारखान्यात वापरते. पण त्यासाठी भुयारी गटारं लागतात. विरळ वस्तीच्या किहीमला तो खर्च झेपणार नाही, आणि तशी गरजही नाही.

किहीमने बघावं ते कृष्णाकाठच्या वाईकडे. सुमारे 36,000 वस्तीच्या या गावाने 2018 पासून तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीपाळीने उपसायला घेतली. पैसे नगरपालिका करातून उभे करते. टँकर रोज 70 घनमीटर क्षमतेच्या मैला प्रक्रिया केंद्रावर रिकामा होतो, ओढ्यात नाही. उपसा यंत्रानेच, माणसाला टाकीत उतरवून धोक्याची सफाई करून घेणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. मला यातली पाळीच सर्वांत मोलाची वाटते, कारण तीत श्रीमंताचा बंगला आणि कोळीवाड्यातलं घर एकाच रांगेत येतं.

आवास, सासवणे, किहीम, थळ या ग्रामपंचायतींनी अलिबाग नगरपालिकेला सोबत घेऊन असं एकच केंद्र उभारावं. त्याआधी प्रत्येक टाकी, तिचा शेवटचा उपसा आणि जवळची विहीर यांची नोंद व्हावी. बंगल्यांच्या घरपट्टीत उपशाचा आकार धरावा. विहिरींचं पाणी दरवर्षी दोनदा तपासावं, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर श्रावणात, भूजल वर चढलेलं असताना.