मूठ कुठे अडते?

जुलै 2025 मध्ये लॉर्ड्सवर ऋषभ पंतच्या डाव्या तर्जनीला मार बसला आणि यष्टिरक्षण ध्रुव जुरेलकडे गेले, तेव्हा बहुतेकांना हाड मोडले की काय याचीच चिंता होती. पुढे बोट कितपत वळेल हे मात्र पुष्कळदा हाडांना जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर, ठरते.

बोटाच्या प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांना एकेक पार्श्व अस्थिबंध असतो, जो बोटाला आडवे कलू देत नाही, आणि तळहाताच्या बाजूला जाड तंतुमय पट्टी असते, जी ते मागे उलटू देत नाही. नर्मदाकाठच्या भेडाघाटचा मूर्तिकार बारीक कामासाठी छिन्नी चिमटीत धरतो, तेव्हा अंगठा तर्जनीला करंगळीकडे रेटत असतो आणि तो रेटा तर्जनीच्या मूळसांध्यातील अंगठ्याकडचा बंध सोसतो.

या मूळसांध्याची घडण विलक्षण आहे. तळव्यातील हाडाचे डोके तळहाताच्या बाजूला रुंद व फुगीर असल्यामुळे बोट सरळ असताना पार्श्व बंध सैल राहतात आणि बोट वळले की ताणले जातात. म्हणूनच सरळ बोटे फाकवता येतात, मूठ वळल्यावर येत नाहीत. हात प्लास्टरमध्ये ठेवताना मूळसांधे सरळ राहिले, तर सैल बंध तसेच आखडतात आणि प्लास्टर काढल्यावर मूठ वळत नाही. मधल्या सांध्याचे उलट आहे: तो वाकलेला राहिला तर तळहाताकडची पट्टी आखडते आणि बोट सरळ होत नाही. त्यामुळे मूळसांधे 70 ते 90 अंशांत वाकवून पुढचे सांधे सरळ ठेवणे ही सुरक्षित स्थिती मानली जाते, आणि बोटे सरसकट सरळ बांधून टाकण्याची सवय अक्षम्यच म्हटली पाहिजे.

बंधांचा हाच ताण मुंबईचे हस्तशल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी उपचारासाठी वापरला. ‘जेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या रचनेत हाडांत बारीक तारा घालून त्या बाहेरच्या दांड्यांना जोडतात आणि सांधा हळूहळू ताणतात. शाबूत बंध मोडलेल्या हाडाचे तुकडे ओढून जागेवर आणतात, आखडलेले बंधही क्रमाने लांबतात. महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा शरीररचनेच्या जाणिवेवर उभी असलेली ही पद्धत अधिक कौतुकास पात्र आहे.

मुरगळलेले बोट सुजले असेल किंवा आडवे कलत असेल, तर ते ओढून बसवण्याच्या फंदात न पडता लवकर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, आणि प्लास्टर घालावे लागलेच तर मूळसांधे वाकलेले आहेत ना, हे डॉक्टरांना विचारावे.