राउटरमधला जोकर

रमीच्या डावात जोकर हव्या त्या पानाच्या जागी बसतो. संगणकातला ‘वाइल्डकार्ड’ हा शब्द पत्त्यांतूनच आला. बेल लॅब्जमधल्या १९७१ च्या युनिक्समध्ये ‘ग्लॉब’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. आदेशात स्टार दिसला की जुळणाऱ्या फायलींची नावे तो तिथे भरून देई. फायलींची ही सोय पुढे राउटरमध्येही आली. तिथे तेच ते पुन्हा लिहिण्याची कटकट होती: ४८ पोर्ट, आणि प्रत्येकावर त्याच तीन ओळी.

मात्र राउटरमधला स्टार उलगडतो कधी, यावर बरेच काही ठरते.

सिस्कोच्या स्विचवर ‘इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - २४’ असे लिहिले की पुढचा प्रत्येक आदेश त्या क्षणी चोवीस पोर्टांवर चालतो. यात स्टार नाही, काम मात्र त्याच घराण्यातले. नंतर कॉन्फिगरेशन उघडावे तर रेंजचा मागमूस नाही. चोवीस पोर्ट, चोवीस वेगळ्या नोंदी. हे पसरट दिसते खरे, पण रात्री दोन वाजता दुसऱ्याचे कॉन्फिगरेशन वाचायला बसलेल्या माणसाला तेच बरे वाटते. समोर दिसते तेवढेच असते.

ज्युनिपरच्या जुनोसमध्ये स्टार कॉन्फिगरेशनमध्ये मुक्कामाला राहतो. तिथे ‘जीई-०/०/५’ या नावात ‘जीई’ म्हणजे गिगाबिट इथरनेट, पुढे स्लॉट, कार्ड आणि पोर्ट, मोजणी शून्यापासून. एक ग्रुप करायचा, त्यात कोनी कंसात <जीई-*> लिहून एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ९१९२ द्यायचा आणि ‘अप्लाय-ग्रुप्स’ने तो लागू करायचा. कमिट केले, तक्रार काही नाही. आणि तरीही निम्म्या पोर्टांवर जुनाच एमटीयू! नवख्याची इथे हमखास फसगत होते. ग्रुपमधला स्टार नवा इंटरफेस जन्माला घालत नाही. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ज्यांची नोंद आहे त्यांनाच तो जुळतो. पोर्ट ४८ असोत, नोंद बारांचीच असेल तर एमटीयू बारांनाच. पुढे कोणी दहा गिगाबिटचे कार्ड बसवले की त्याची नावे ‘एक्सई’ने सुरू होतात, ‘जीई’वाला ग्रुप त्यांना ओळखही दाखवत नाही. पोर्टावर थेट लिहिलेली किंमत असेल, तर ग्रुपवर तिचीच मात.

यावर उतारा जुनोसनेच दिला आहे. ‘शो’च्या पुढे पाइप टाकून ‘डिस्प्ले इनहेरिटन्स’ म्हटले की कोणती किंमत कोणत्या ग्रुपकडून आली, ते त्या ओळीच्या वरच ‘##’च्या टिपेत छापून येते. हा आदेश बोटांना लागलेला इंजिनिअर ग्रुपला भीत नाही.

सिस्कोच्याच आयओएस एक्सआरमध्येही असे ग्रुप आहेत, पण तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन चालते. जुनोसच्या सवयीने नुसता स्टार टाकला तर त्याचा अर्थ ‘आधीचे अक्षर शून्य किंवा अधिक वेळा’ असा होतो. ‘पुढे काहीही’ म्हणायला स्टारआधी टिंब लागते. चिन्ह तेच, व्याकरण निराळे.

तिसरी तऱ्हा चालत्या यंत्रातली. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात विद्यार्थी प्रकल्प म्हणून सुरू झालेला ‘बर्ड’ हा राउटिंगचा प्रोग्राम आता चेक प्रजासत्ताकातली सीझेड.एनआयसी ही संस्था सांभाळते. त्यात ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलसाठी "ईटीएच०", -"ईटीएच*", "*" अशी यादी देता येते. ती डावीकडून उजवीकडे वाचायची: ईटीएच० घ्या, बाकीचे ईटीएच सोडा, उरलेले सगळे घ्या. मोकळा स्टार उचलून पुढे आणला, तर वजाच्या चिन्हापर्यंत पाळीच येत नाही. शिवाय हा स्टार उद्याच्या इंटरफेसलाही जुळतो. मध्यरात्री एखादा व्हीपीएन बोगदा उभा राहिला की ओएसपीएफ त्यावरही हॅलो पाठवू लागते, कोणी सांगितलेले नसताना. जुनोसमध्ये ओएसपीएफला ‘इंटरफेस ऑल’ लिहिणारे जुने लोक म्हणूनच लगेच खाली व्यवस्थापनाचा एफएक्सपी० बंद करणारी ओळ लिहितात.

लिनक्सच्या आयपीटेबल्स या फायरवॉलमध्ये स्टारचे काम अधिकचे चिन्ह करते: ‘ईटीएच+’ म्हणजे ईटीएचने सुरू होणारे सगळे. जानेवारी २०१३ मध्ये लिनक्सवरच्या सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने इंटरफेसना नावे देण्याची पद्धत बदलली आणि ईटीएच० चा ‘ईएनपी३एस०’ होऊ लागला. जुने नियम अशा यंत्रावर जसेच्या तसे आणले तर विनातक्रार चढतात. सविस्तर यादी काढली की ‘ईटीएच+’ची ओळ जागच्या जागी दिसते, आणि तिच्या डावीकडे पॅकेटांचा आकडा: ०.