रांगेतला शेवटचा

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर एक कागद हमखास झळकतो. वर एखाद्या किल्ल्याचे वेडेवाकडे चित्र, त्याखाली तारीख आणि वर्गणी, आणि अगदी तळाशी, औषधाच्या बाटलीवर असते तसल्या बारीक अक्षरांत, एक वाक्य: 'सहलीत काही बरेवाईट घडल्यास त्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' पुढे पालकांच्या सहीसाठी रेघ.

हे वाक्य माझे होते. मी मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे दारावरच्या पाटीपासून निरोपसमारंभाच्या मानपत्रापर्यंत सगळा मजकूर माझ्याच गळ्यात येतो. प्राचार्यांनी 'अपघात' असा शब्द सुचवला होता. तो खोडून मी 'बरेवाईट' घातला, आणि त्या दुरुस्तीचा मला केवढा अभिमान वाटला होता! 'अपघात' म्हटले की आईच्या पोटात गोळा उठतो. 'बरेवाईट' म्हटले की त्यात निम्मे तरी बरे असते.

२०१२ सालच्या ऑक्टोबरात त्या कागदावर चौसष्ट मुलामुलींच्या पालकांनी सह्या केल्या आणि आम्ही राजमाचीला निघालो. चौसष्ट विद्यार्थी, आम्ही तीन प्राध्यापक. पहाटेच्या कर्जत लोकलचा एक डबा आमच्या गाण्यांनी दणाणून गेला. कर्जतला उतरल्यावर टमटमवाल्यांची चैन झाली, कारण एका टमटममध्ये दहा जण कोंबले तरी कोंढाण्यापर्यंत सात खेपा हव्या होत्या. राजमाचीला दोन वाटा. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जाणारी लांब पण सरळ. कर्जतेकडून कोंढाण्याच्या लेण्यांवरून जाणारी आखूड पण छातीवर येणारी. तरुण रक्त म्हणून आम्ही दुसरी निवडली. ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो, झाडी हिरवी असते, ओढ्यांना पाणी असते आणि ऊन मात्र चैत्राला लाजवील असे असते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि ध्यानात असणे यांत किती अंतर असते ते त्या दिवशी कळले.

पहिली चूक लेण्यांत झाली. कोंढाण्याची लेणी इसवी सनापूर्वीची. तिथला चैत्य, विहार, दगडात कोरलेल्या लाकडी घाटाच्या कमानी पाहून मला राहवले नाही. मी व्याख्यान दिले. चांगले पाऊण तास दिले! सकाळचा गार वेळ असा सातवाहनांच्या चरणी वाहून झाल्यावर, साडेदहा वाजता, आम्ही चढाला लागलो.

दुसरी चूक मला तेव्हा चूक वाटलीच नाही. मी सर्वांच्या पुढे चाललो. पुढारी तो पुढे, असा साधा हिशेब. अर्ध्या तासाने सावली पाहून थांबायचे, मागची मंडळी येईपर्यंत दम खायचा, आणि शेवटचा मुलगा दृष्टीस पडला की 'चला रे!' म्हणून उठायचे. हा क्रम पाचसहा वेळा झाला. यात काय बिघडले असे वाचक विचारतील. मीही विचारले असते. पुढच्या मुलांना दर खेपेला पंधरा मिनिटे विसावा मिळत होता. मधल्यांना सात-आठ. आणि शेवटचा मुलगा जिथे आम्ही बसलो होतो तिथे पोचायचा तेव्हा आम्ही उठून पाठीवर पिशव्या अडकवत असायचो. ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज होती त्याला साडेदहापासून एक मिनिटही विसावा मिळाला नव्हता; आणि शरमेपायी तो बोललाही नाही.

वर उधेवाडीत पोचून मोजणी केली. सहासष्ट. पुन्हा मोजली. पासष्ट. (मोजणारा स्वतःला एकदा मोजतो, एकदा विसरतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.) तेवढ्यात एक मुलगा रडत, धापा टाकत वर आला. त्याचा मित्र खाली वाटेत बसला होता. उलट्या झाल्या होत्या, पायांत गोळे आले होते आणि आता तो काहीतरी असंबद्ध बोलत होता.

तो मुलगा अंगाने स्थूल, पायांत भावाचे उसने बूट, सकाळी घाईत नुसता चहा घेतलेला आणि जवळ एक लिटरची बाटली. तीही लेण्यांपाशीच निम्मी संपलेली. आम्ही पोचलो तेव्हा त्याने मला ओळखले नाही. माणूस उन्हात बडबडू लागला म्हणजे वेळ थोडा उरलेला असतो, त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा असतो, हे मी नंतर शिकलो. त्या दिवशी हे सारे केले ते गवताचे भारे घेऊन उतरणाऱ्या दोघा ठाकरांनी. त्यांनी भारे टाकले, त्याला झाडाखाली ओढला, आमच्या सगळ्या बाटल्या मागून घेतल्या आणि त्याला नखशिखान्त भिजवला. मग एका मुलाची घोंगडी आणि कुऱ्हाडीने तोडलेला वासा यांची झोळी केली. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून आजारी माणूस, अडलेली बाई आजवर अशाच झोळीतून रस्त्याला आली आहे. झोळी वाहायला एकावेळी दोघे लागतात, पण त्या उतारावर शंभर पावलांवर खांदा बदलावा लागतो. आम्ही आठ जण होतो आणि तरी कोंढाण्याला पोचेतो अंधार झाला. वर एकोणसाठ मुले दोन सहकाऱ्यांच्या भरवशावर होती. त्यांतल्या एकालाही वाट ठाऊक नव्हती. उधेवाडीच्या लोकांनी त्यांना रात्री पिठले-भाकरी घातली आणि ओसऱ्यांवर निजवले.

कर्जतच्या एका दवाखान्यात मुलाला सलाइन लावले. रात्री अकराला त्याचे वडील आले. मी उठून उभा राहिलो. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवला, बाहेर आले आणि अगदी सावकाश विचारले, "सर, तो बसला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"मी पुढे होतो."

"पुढे म्हणजे किती पुढे?"

मुलगा तिसऱ्या दिवशी घरी गेला. आज तो चांगल्या नोकरीत आहे आणि दिवाळीला फोन करतो. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नव्हते. माझ्या खिशात त्या गृहस्थांच्या सहीचा कागद होता, ज्यावर माझ्याच सुरेख मराठीत लिहिले होते, की जबाबदार कोणी नाही. तो त्यांनीही काढला नाही, मीही काढला नाही.

घरी आल्यावर मी, गणिताशी जन्माचे वैर असलेला माणूस, आकडेमोड करीत बसलो. साठ माणसे दोन-दोन मीटर अंतराने चालली तर रांग सव्वाशे मीटरची होते. चढावर ती ताणून अर्धा मैल होते. स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गृहस्थाने १८९२ मध्ये डोंगरचालीचा एक ठोकताळा सांगितला: तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. हा ठोकताळा ठणठणीत माणसाचा. त्यात जमावाचा तास कुठेच नाही. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या शिडीच्या घाटात एका वेळी एकच माणूस शिडीवर जाऊ शकतो. माणशी दोन मिनिटे धरा. साठ जणांना दोन तास! तीच गत पेठच्या कोथळीगडाची. सुळक्याच्या पोटातून कोरलेला तो जिना पाहायला मोठा गमतीचा, पण वरची मंडळी उतरू लागली आणि खालची चढू लागली की तिथे गिरगावातली गणपतीची गर्दी होते. पंधरा जणांची सहल जी वाट चार तासांत करते, ती साठ जणांची सहल सातांत करते. पाणी मात्र दोघांकडेही चार तासांचेच असते.

आणि मग मला कारतलबखान आठवला. वाचकहो, हसू नका. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने त्याला पुण्याहून कोकणात धाडले. वीसेक हजारांची फौज असे सांगतात. तोफा, ओझी, घोडे घेऊन तो कुरवंड्याच्या घाटाने उतरला आणि आजच्या खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत शिरला. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये चिंचोळी वाट, घोर जंगल. रांग इतकी लांबलेली, की आघाडीला काय झाले ते पिछाडीला कळू नये. शिवाजीमहाराजांनी मूठभर मावळ्यांनिशी त्याला दोन्हीकडून कोंडला. शेवटी रायबागन या शहाण्या बाईने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खंडणी भरून तो जिवानिशी सुटला. इतिहासात ही महाराजांच्या युद्धनीतीची थोरवी म्हणून शिकवतात, आणि ते योग्यच. पण मी अलीकडे शेमडीवरून चावणीला जाऊन आंबा नदीतले ते स्मारक पाहतो तेव्हा माझ्या मनात त्या फौजेतला शेवटचा शिपाई येतो. त्याला पाणी कोणी दिले असेल?

मराठी फौजेत पुढच्या तुकडीला बिनी म्हणत आणि पाठीमागच्या तुकडीला चंदावल. 'बिनीचा शिलेदार' हा वाक्प्रचार आजही वर्तमानपत्रांत रोज भेटतो. चंदावल मात्र कोशात जाऊन बसली. भाषेनेही शेवटच्या माणसाला विसरावे, याचे मला मराठीचा प्राध्यापक म्हणून वाईट वाटते.

रायगड जिल्ह्याने पुढे यापेक्षा भयंकर पाहिले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. शंभराहून अधिक मुलांची ती सहल होती. ती बातमी वाचताना मी जागचा हललो नाही. आमचा मुलगा वाचला तो दोन ठाकरांमुळे. त्या मुलांना तेवढे दैव लाभले नाही. त्यानंतर सहलींच्या परवानग्या कडक झाल्या. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचे धोरण काढले; असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करावी, माहीतगार माणसे नेमावीत, असे त्यात आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाने बचावकार्यासाठी समन्वय केंद्रही उभे केले आहे. हे सारे हवेच. पण फोनवर पन्नास नावे जमवून, माणशी काही शे रुपये घेऊन, स्वतः एकदाही न चढलेल्या डोंगरावर जमाव नेणारे हौशे अजून शनिवारी रात्री निघतातच, आणि त्यांच्या कागदावर तेच माझे वाक्य असते. कुणीतरी ते माझ्याकडून उचलले असावे अशी मला कधीकधी शंका येते.

यादीचे महत्त्व मला इर्शाळवाडीने शिकवले. इर्शाळगडाला जाणारा कोणीही त्या ठाकरवाडीत टेकल्याशिवाय पुढे जात नसे. मीही मुलांना घेऊन तिथे दोनदा जेवलो होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढेनात. चिखलातून पायी जायचे आणि हातांनी उकरायचे. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखी डोंगरची मंडळी त्यात होती. आणि पहिल्याच सकाळी प्रश्न आला तो मोजणीचा. रात्री घरात कोण होते, आश्रमशाळेत कोण, कामावर कोण? २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत. शोध थांबवावा लागला. वर कोण होते, हे खाली कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, एवढी साधी गोष्ट तेव्हा माझ्या अंगावर काटा आणून गेली.

आता आम्ही बारा-बारांच्या तुकड्या करतो. दोन तुकड्यांहून अधिक मुले नेत नाही, म्हणून दरवर्षी वशिल्याच्या चिठ्ठ्या येतात आणि मी वाईटपणा घेतो. पंधरा दिवस आधी मी स्वतः वाट चालून येतो. गावातला वाटाड्या घेतो आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी हातावर ठेवतो. (त्या दोघा ठाकरांनी पैसे घेतले नव्हते. त्यांचे गवताचे भारे वाटेतच राहिले होते, ते दुसऱ्या दिवशी त्यांना मिळाले की नाही हे विचारायचेही मला सुचले नाही.) नावांची यादी, घरचे फोन, परतीची वेळ यांची एक प्रत पायथ्याच्या गावात, एक महाविद्यालयात. दुपारी एकला जिथे असू तिथून मागे वळायचे, माथा दहा पावलांवर असला तरी. यावरून मुले रुसतात. रुसू देत. आणि शेवटचा माणूस येऊन बसला, पाणी प्याला, की तिथून घड्याळ लावून दहा मिनिटे मोजायची. उठायचे ते त्यानंतर. शेवटी मी चालतो. प्रथम फार कमीपणा वाटला. आता वाटते, वर्गात जी मुले मागच्या बाकावर बसून माझ्याशी तीन वर्षांत एक शब्द बोलत नाहीत, त्यांच्याशी बोलण्याची हीच जागा.

फलकावरच्या कागदातले ते वाक्य मी काढले. प्राचार्य म्हणाले, "अहो, तेवढाच एक आधार होता आपल्याला." त्या रेघेच्या जागी आता दोन रकाने आहेत, ते सहलीच्या दिवशी सकाळी गाडीत भरायचे असतात. किती पाणी घेतले, आणि सकाळी काय खाल्ले. गेल्या वर्षी एका मुलीने दुसऱ्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले होते, 'आईने दिले होते, डब्यात तसेच आहे.' कोंढाण्याला उतरल्यावर सगळ्यांना थांबवून आधी तिला ते खायला लावले. थालीपीठ होते, वर लोण्याचा गोळा वितळून गेलेला. अर्धे तिने मला दिले.