गावाखालची गावे (भाग ७) : पवनीने पाहिलेल्या राजवटी

मागच्या भागात आपण इफिससमध्ये होतो. ग्रीकांचे हे बंदर पुढे रोमकडे गेले, रोमन आशियातले सर्वांत मोठे शहर झाले, मग बायझंटाईन सम्राटांच्या अमलाखाली आले. राज्यकर्ते बदलत गेले तरी शहर नांदत होते. नदीच्या गाळाने बंदर बुजत गेले तशी त्याला उतरती कळा लागली, आणि वस्ती हळूहळू शेजारच्या टेकडीकडे सरकली.

अशाच अनेक राजवटी पाहिलेले एक नगर आपल्या वरठीपासून फार लांब नाही. मुंबई-हावडा मार्गावरचे भंडारा रोड स्टेशन वरठीतच आहे. तिथे उतरावे, भंडाऱ्याहून एसटी धरावी आणि वैनगंगा जाते तसे दक्षिणेकडे जावे, म्हणजे पवनी येते. विदर्भाची काशी म्हणून लोक घाटांवर आणि देवळांत जातात. जगन्नाथ टेकडीवर मात्र आवर्जून जाणारे थोडेच, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केले. टेकडीच्या पोटात निघाला एक विटांचा स्तूप. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही थोडा जास्त! त्याच्या दगडी कठड्याच्या एका खांबावर पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे आणि त्याचे नावही तिथेच लिहिलेले आहे : मुचलिंद. ज्ञानप्राप्तीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर पावसात फणा धरणारा हा नागराजा. पण शिल्पात बुद्ध मनुष्यरूपात नाही. आहे ते रिकामे आसन. बुद्धाची मूर्ती घडवण्याची प्रथा तेव्हा सुरू झालेली नव्हती.

हा स्तूप कुणा एका राजाच्या तिजोरीतून उभा राहिलेला नाही. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्या साध्या माणसांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. एका दानलेखात तर या दानाने सर्व प्राणिमात्रांना सुख लाभो, अशी इच्छा आहे. पवनीचा खरा इतिहास मला या लेखांत दिसतो.

राजांच्या खुणाही आहेत. भार कुळातल्या भगदत्त राजाचा लेख पवनीचाच. सातवाहनांचा अंमल इथे होता. महाक्षत्रपकुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात. क्षत्रप मूळचे शक, वायव्येकडून आलेले. त्यांच्यातल्या एकाचे स्मारक वैनगंगेकाठी उभे राहावे, यावरून हे नगर केवढ्या मोठ्या घडामोडींत ओढले गेले होते ते कळते. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपटही पवनीत मिळाला आहे. पुढे गोंड आले, भोसले आले, इंग्रज आले.

इफिससचे आज अवशेष राहिले आहेत, पवनीत मात्र माणसे राहतात. समुद्राने इफिससची साथ सोडली, वैनगंगेने पवनीची सोडली नाही. नदीचे पाणी, काठची जमीन आणि भोवतालचा तट-खंदक, एवढ्यावर गाव टिकून राहिले. त्यामुळेच इथे उत्खनन अवघड होते. नांदत्या घराखाली कोण खणणार? १९९४ मध्ये हरदोलाला टेकडीवर पुन्हा काम झाले, तेव्हाही बराच जुना भाग वस्तीखालीच राहिला. घराचा पाया खणताना जुन्या मोठ्या विटा लागल्या, तर त्या फोडून भरावात टाकू नयेत. आधी पुरातत्त्व खात्याला कळवावे, ही पवनीकरांना माझी कळकळीची विनंती.

पुढच्या भागात रामटेकजवळचे नगरधन पाहू. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच.