पंचांना दिसलं नाही, मोबाइलला दिसलं

पहूर गावच्या मैदानावरच्या फुटबॉल सामन्यातला धसमुसळेपणा मोबाइलात टिपला गेला, तरी ती फीत पंचांपुढे नाचवून उपयोग नाही. व्हीएआर (व्हिडिओ पाहणारा सहायक पंच) नसलेल्या सामन्यात त्यांना चित्रफीत पाहून निर्णय देता येत नाही. गोल झाला की नाही, यात त्यांचा शब्द अखेरचा.

शिस्तभंगाचं प्रकरण वेगळं. १९९४च्या विश्वचषकात इटलीच्या तासोत्तीनं कोपर मारून स्पेनच्या लुइस एन्रिकेचं नाक फोडलं. पंचांच्या नजरेतून सुटलं, पण चित्रफितीवरून ८ सामन्यांची बंदी बसली. २०१४च्या विश्वचषकात उरुग्वेचा सुआरेझ इटलीच्या किएलिनीला चावला : ९ आंतरराष्ट्रीय सामने, शिवाय ४ महिने फुटबॉलच बंद.

गावच्या स्पर्धेत तक्रार संयोजन समितीकडे, लेखी आणि लगेच द्यावी. सोबत अख्खी, मूळ फीत. गाणं चढवलेली रील नको. आधीची चिथावणी बहुधा त्यातच कापलेली असते.